चौऱ्याण्णवचा आकडा आणि जाळीचे दार : कोविडच्या महासाथीनंतर एका ज्येष्ठ स्त्रीच्या चिंतेचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील व्यक्ती ७६ वर्षांच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत. गावात त्यांना लहानथोर सगळेच ‘बाई’ म्हणतात आणि त्यांचे पती, जे स्वतःही जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, ‘गुरुजी’ म्हणून ओळखले जात. इथेही तीच संबोधने वापरली आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले असून काही तशाच इतर प्रकरणांतून घेतले आहेत. गाव सातारा जिल्ह्यातील लोणंद ते फलटण या पट्ट्यातील, म्हणजे माउलींच्या पालखीच्या वाटेवरचे आहे. हा तपशील मात्र मुद्दाम तसाच ठेवला आहे, कारण पुढे उपचारांची आखणी त्याच्याच आधाराने झाली.

बाई समुपदेशनासाठी आपण होऊन आल्या नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी त्यांना पाठवले. रात्री छातीत धडधड होणे, जीव घाबरा होणे, बोटांना मुंग्या येणे, श्वास वरच्या वर चालल्यासारखा वाटणे आणि पहाटे तीनच्या सुमारास झोप उडणे या त्यांच्या तक्रारी होत्या. ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ अशा सगळ्या तपासण्या होऊन गेल्या होत्या आणि रक्तदाब सोडला तर वयाच्या मानाने काही वावगे निघाले नव्हते. पहिल्या भेटीत खुर्चीत बसता बसता त्या म्हणाल्या, “मला वेड लागलेलं नाही बरं का. बीपी वाढतंय, एवढंच.” ज्येष्ठांच्या बाबतीत हे नेहमीचे आहे. त्यांची चिंता शरीराच्या तक्रारींतून बोलते, कारण घरातल्या मोठ्या माणसाने ‘मला भीती वाटते’ असे म्हणणे आपल्याकडे शोभत नाही, आणि ‘धडधडतंय’ म्हटले की निदान कोणीतरी लक्ष देते.

त्रास कधी वाढला, असे विचारल्यावर त्यांनी लगेच डिसेंबर २०२२ सांगितला. त्या महिन्यात चीनमधील कोविडच्या रुग्णवाढीच्या आणि बीएफ.७ या त्याच्या उपप्रकाराच्या बातम्या वाहिन्यांवर दिवसभर चालू होत्या. पण त्रास सुरू कधी झाला, या प्रश्नाचे उत्तर मिळायला बऱ्याच भेटी जाव्या लागल्या.

एप्रिल २०२१

दुसऱ्या लाटेत आधी गुरुजींना ताप आला, पाठोपाठ बाईंना. ‘सहा मिनिटे चाला आणि ऑक्सिजन मोजा, ९४ च्या खाली आला तर दवाखाना गाठा’ ही त्या दिवसांतली सूचना गावातल्या प्रत्येकाला पाठ होती. त्या दिवशी दुपारी गुरुजी झोपले होते म्हणून बाईंनी त्यांना उठवले नाही. दिवेलागणीला ऑक्सिमीटर लावला तेव्हा आकडा ८९ होता. खाट मिळेपर्यंत पहाट झाली, रेमडेसिविरसाठी नातेवाईक तीन तालुके फिरले आणि नवव्या दिवशी गुरुजी गेले. बाई स्वतः बाधित असल्यामुळे घरातच अलगीकरणात होत्या. पार्थिव घरी आणता आले नाही. मुलगा पुण्याहून ई-पास काढून आला आणि त्याने लांबूनच दर्शन घेतले. सावडण्यापासून दहाव्यापर्यंतचे विधी चार माणसांत उरकले. भेटायला कोणी आले नाही, आणि कोणी यावे अशी परिस्थितीही नव्हती.

पुढची पावणेदोन वर्षे बाई घरात एकट्या राहिल्या. मुलगा पुण्यात आणि मुलगी कॅनडात असते. दोघांनीही आपापल्या परीने आईची काळजी घेतली; या प्रकरणात दुष्ट असे कोणीही नाही, हे आधीच सांगायला हवे. गृहभेटीत मात्र त्या काळजीचे रूप दिसले. घराला बाहेरून लोखंडी जाळीचे दार बसवलेले होते आणि बाई त्याच्या आतूनच माणसांशी बोलत. दुधाची पिशवी साबणाने धुतली जाई, भाजी सोड्याच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवली जाई, वर्तमानपत्र २०२० मध्ये बंद केले ते बंदच होते. भजनी मंडळ, हळदीकुंकू, भिशी सगळे सुटले होते. ऑक्सिमीटर गुरुजींच्या चष्म्याच्या घरात ठेवलेला होता आणि शेजारी वही होती. तिच्यात वेळ, ऑक्सिजन आणि नाडी असे तीन रकाने सुवाच्य अक्षरात आखलेले होते. एका दिवसात अकरा-बारा नोंदी सहज होत्या, त्यांतल्या निम्म्या रात्रीच्या.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल येई. “आई, ऑक्सिजन दाखव,” हे मुलीचे पहिले वाक्य असे, आणि बाई बोट कॅमेऱ्यासमोर धरत. आकडा मुलगी तिकडे संगणकावर लिहून ठेवी. ९७ असला की गप्पा होत. ९५ असला की “पुन्हा लाव बरं” असे होई आणि मग गप्पांचा सूर बदले. मुलाने लाटेच्या ऐन भरात “दार अजिबात उघडू नकोस” असे बजावले होते. ते त्या वेळी अगदी योग्य होते. पण त्यानंतर ‘आता उघड’ असे त्याने कधी म्हटले नाही, कारण तसे म्हणायला हवे हे त्याच्या ध्यानातच आले नाही. राज्य सरकारने २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, सगळे निर्बंध उठवले. बाईंच्या घरातले निर्बंध उठवायला कोणी आले नव्हते.

निदान आणि त्यामागचा विचार

जीएडी-७ या प्रश्नावलीत सात प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण असतात आणि एकूण २१ पैकी १५ किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे तीव्र चिंता मानतात. बाईंना १६ गुण मिळाले. प्रश्नावली भरतानाही त्या शिक्षिकाच होत्या. ‘काळजी थांबवता येत नाही’ या आशयाच्या प्रश्नावर त्यांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, “या वयात एकटीनं राहायचं आणि काळजी करायची नाही, म्हणजे नेमकं काय करायचं?” हा आक्षेप रास्त आहे. अशी मापने मुख्यतः तरुण आणि मध्यमवयीन माणसे डोळ्यांसमोर ठेवून वापरली जातात, आणि ज्येष्ठांच्या बाबतीत गुणांच्या बेरजेपेक्षा काय करायचे सुटले आहे याची यादी अधिक बोलकी ठरते. स्मरणशक्तीची प्राथमिक चाचणी चांगली होती. नैराश्याच्या प्रश्नावलीत थोडे गुण आले, पण ते बहुतेक एकटेपणाच्या आणि गुरुजींच्या आठवणीच्या प्रश्नांवरचे होते.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये जाहीर केले होते की महासाथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, आणि त्याचा अधिक फटका तरुणांना व स्त्रियांना बसला. ज्येष्ठ मंडळी सुरुवातीच्या काळात त्यामानाने सावरलेली दिसली, असे अनेक देशांतल्या पाहण्यांतही आढळले. आयुष्यभर टंचाई, दुष्काळ, मरणे पाहिलेल्या पिढीला टाळेबंदीने एकदम हादरवले नाही, हे आपल्या गावांतही दिसत होते. म्हणून ‘म्हातारी माणसे घाबरटच असतात’ हे गृहीत धरून अशा प्रकरणाकडे पाहणे चूक आहे. बाई पहिल्या लाटेत मास्क शिवून वाटत होत्या. त्यांची चिंता वयाने आलेली नव्हती. ती दोन गोष्टींच्या जोडीने आली होती. एक अपुरे राहिलेले दुःख आणि दुसरी संपण्याची तारीख नसलेली खबरदारी.

ही दुसरी बाब थोडी उलगडून सांगायला हवी. ७६ वर्षांच्या, रक्तदाब असलेल्या स्त्रीला श्वसनाच्या संसर्गाचा धोका तरुणापेक्षा जास्त असतो, हे खरेच आहे. तेव्हा ‘काही होत नाही, उगाच घाबरता’ हे वाक्य उपचार म्हणून निरुपयोगी आहे. ते असत्य आहे आणि बाईंसारख्या माणसाला ते असत्य असल्याचे लगेच कळते. प्रश्न धोका आहे की नाही हा नसून, केलेल्या उपायाने मन किती वेळ शांत राहते हा आहे. लस घेतली की माणूस काही महिने निश्चिंत होतो. हात धुतले की जेवण होईपर्यंत विषय संपतो. ऑक्सिमीटर लावल्यावर बाईंना मिळणारी शांतता मात्र तासाभरात ओसरे आणि पुन्हा लावावा लागे. जी खबरदारी स्वतःच पुढच्या खबरदारीची गरज निर्माण करते, ती आजाराचाच भाग झालेली असते. शिवाय प्रत्येक मोजणीमागे ती दुपार होती. गुरुजींच्या वेळी जे मोजले नाही, ते बाई आता स्वतःवर मोजत होत्या.

उपचार

औषधांचा प्रश्न आधी मिटवावा लागला. बाई जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून अल्प्राझोलम ही मन शांत करणारी, झोप आणणारी गोळी आणून रोज रात्री अर्धी गोळी घेत होत्या, आणि हे त्यांनी मुलांनाही सांगितले नव्हते. या गटातल्या गोळ्यांनी ज्येष्ठांमध्ये तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, विसराळूपणा येतो आणि सवयही लागते. पण त्या एकदम बंद करणेही धोक्याचे असते. मानसोपचारतज्ज्ञांनी ती काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवत नेली. चिंतेवरचे नेहमीचे औषध, म्हणजे एसएसआरआय गटातले, सुरू करायचे का याचाही विचार झाला. बाईंच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारे थायझाइड होते आणि सोडियम आधीच खालच्या मर्यादेला टेकलेले होते. या दोन औषधांच्या जोडीने ज्येष्ठांमध्ये सोडियम घसरून गोंधळलेपणा येऊ शकतो. म्हणून आधी औषधाविना प्रयत्न करावा, सहा आठवड्यांत फरक न पडल्यास रक्तदाबाची गोळी बदलून मग पुढे जावे, असे ठरले. तशी वेळ आली नाही.

ऑक्सिमीटर काढून घेण्याचा मुलाचा आग्रह होता. तो मानला नाही. त्याऐवजी बाईंसमोर एक साधा प्रयोग केला. वहीतले सगळ्यांत कमी आकडे, ९१ आणि ९२, जवळजवळ सगळे पहाटेचे होते, आणि महिना थंडीचा होता. बाईंनी बोट नळाच्या गार पाण्याखाली धरले, पुसले आणि यंत्र लावले : आकडा ९२ च्या आसपास लटपटत राहिला. मग दोन्ही हात चोळून गरम केले, यंत्र स्थिर होईपर्यंत थांबलो, आणि त्याच बोटावर ९७ दिसले. बाईंनी तीच कृती न सांगता पुन्हा केली, नंतर दुसऱ्या हातावर केली. “म्हणजे पहाटे मी बोटाचा गारठा मोजत होते,” त्या म्हणाल्या. त्यानंतर मुंग्यांचा विषय निघाला. घाबरून भराभर श्वास घेतला की ऑक्सिजन कमी होत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, गुदमरल्यासारखे वाटते. बाईंच्याच वहीत याचा पुरावा होता. ‘फार घाबरले’ असा शेरा असलेल्या रात्रींचे आकडे ९८ आणि ९९ होते.

इथे एक अडचण नोंदवण्यासारखी आहे. हितचिंतकांनी बाईंना अनुलोम-विलोम आणि दीर्घश्वसन आधीच शिकवलेले होते. पुष्कळांना त्याने आराम पडतो. बाईंच्या बाबतीत मात्र श्वासाकडे लक्ष देणे हे श्वास तपासण्याचेच दुसरे रूप झाले होते. त्या श्वास मोजत आणि तो अपुरा वाटून अधिक घाबरत. म्हणून तो व्यायाम थांबवून संध्याकाळी हरिपाठ मोठ्याने म्हणायला सांगितले. चालीवर म्हणताना उच्छ्वास आपोआप लांबतो आणि मन अभंगात असते, नाकपुडीत नसते. बाईंना हरिपाठ तोंडपाठ होता, फक्त गुरुजी गेल्यापासून त्यांनी तो म्हटला नव्हता.

पुढची पायरी म्हणजे टाळलेल्या गोष्टी क्रमाने पुन्हा करणे. हा क्रम बाईंनीच ठरवला आणि तो टाचणवहीच्या पद्धतीने लिहिला : उद्दिष्ट, साहित्य, कृती, मूल्यमापन. शिक्षकी पेशातल्या माणसाला यापेक्षा योग्य साधन देता आले नसते. मूल्यमापनाच्या रकान्यात आधी ‘भीती’ आणि नंतर ‘झाले ते’ असे दोन भाग त्यांनी पाडले. पहिला पाठ जाळीचे दार उघडून शेजारणीला ओसरीवर बसवणे हा होता. नंतर वाणसामानाचे दुकान, मग मंदिरातले भजन, मग एसटीने एकटीने फलटणला जाऊन येणे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य आहे. बाईंनी तोवर ती सवलत एकदाही वापरली नव्हती आणि ते त्यांना मनातून डाचत होते. त्या दिवसाची नोंद अशी आहे : ‘भीती : दोन दिवसांत खोकला, ताप. झाले ते : गुडघे दुखले. कंडक्टर माझा विद्यार्थी निघाला.’ गर्दीच्या गाडीत मास्क लावायचा, जेवणापूर्वी हात धुवायचे, दरवर्षी फ्लूची लस घ्यायची, एवढ्या गोष्टी चालू ठेवायच्या असे ठरले होते. दुधाची पिशवी धुणे मात्र बंद झाले.

ऑक्सिमीटर आधी दिवसातून तीनदा, मग एकदा, आणि शेवटी फक्त ताप किंवा धाप असेल तेव्हाच लावायचा, असा क्रम होता. यात खरी आडकाठी संध्याकाळच्या कॉलची होती. म्हणून दोन्ही मुलांबरोबर एकत्र बैठक घेतली. मुलगी बराच वेळ ऐकून घेऊन म्हणाली, “मी इतक्या लांब आहे. आकडा बघितला नाही तर मला झोप लागत नाही.” म्हणजे चिंता एकट्या बाईंची नव्हती, ती रोज संध्याकाळी कॅनडातून येत होती आणि रात्री इथे मुक्कामाला राहत होती. बाबा गेले तेव्हा मुलीला येताही आले नव्हते. तिच्यासाठी वेगळे समुपदेशन सुचवले आणि तिने ते तिकडे घेतले. कॉलचा नियम असा ठरला की आकडा विचारायचा नाही. आज बाहेर काय केले ते विचारायचे. पहिले काही दिवस दोन्ही बाजूंना बोलायला विषयच सुचेना. रात्री-अपरात्री फारच घाबरल्यास मुलांना उठवण्याऐवजी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलायचे, हेही ठरले, कारण ती सेवा चोवीस तास असते. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन, एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८ एवढ्याच वेळात मिळते. बाईंनी १४४१६ एकदाच फिरवला. पलीकडची मुलगी मराठीत बोलली, एवढ्यानेच निम्मे काम झाले, असे त्यांनी सांगितले.

दुःखाचा भाग सगळ्यांत उशिरा हाती आला. ‘दुपारी उठवले असते तर’ हे वाक्य बाईंनी तोवर कोणापुढेच उच्चारले नव्हते. त्यावर ‘तुमची काही चूक नाही’ असे घाईने म्हणण्यात अर्थ नव्हता. फॅमिली डॉक्टरांनी त्यांच्याबरोबर बसून त्या दिवसाचा क्रम पुन्हा लावला : दुपारी तालुक्यात कुठेच ऑक्सिजनची खाट रिकामी नव्हती, हे त्यांना स्वतःला माहीत होते, कारण त्याच दुपारी ते दुसऱ्या दोन रुग्णांसाठी फोन करत होते. लवकर नेले असते तर गुरुजी वाचले असते का, याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. बाईंना या स्पष्टपणाचाच आधार वाटला. एप्रिल २०२३ च्या श्राद्धाला त्यांनी प्रथमच लोकांना बोलावले. गुरुजींचे जुने विद्यार्थी, शेजारपाजार, भजनी मंडळ, सगळे आले, आणि दोन वर्षांपूर्वी व्हायला हवे होते ते भेटणे, रडणे, आठवणी काढणे त्या दिवशी झाले. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत परिणामकारक उपचार हाच, आणि त्यात माझा वाटा फक्त तारीख सुचवण्यापुरता होता. अशी राहून गेलेली सांत्वने गावोगाव असतील. ज्येष्ठ नागरिक संघांनी हे काम सहज हाती घेण्यासारखे आहे.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. बाईंनी बातमी पाहिली, वहीत लिहूनही ठेवली, पण त्याने त्यांच्या भीतीत काही फरक पडला नाही. त्यांचे लक्ष जूनकडे होते. २०२० आणि २०२१ मध्ये माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या. २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली, तेव्हा वर्षानुवर्षे बाईंच्या ओसरीवर उतरणारी दिंडी दारापर्यंत येऊन परत गेली होती, आणि विणेकऱ्यांनी जाळीतून विचारलेले “माई, बरं नाही का?” हे त्यांना वर्षभर टोचत होते. टाचणवहीतला शेवटचा पाठ म्हणून दिंडी उतरवणे त्यांनीच लिहिले होते. त्यात सवलती होत्या : लोक ओसरीवर आणि अंगणात राहतील, बाई आतल्या खोलीत झोपतील, पिठले-भाकरीला शेजारच्या दोघी येतील. सकाळी चहा देताना त्यांनी मास्क काढून ठेवला, कारण वाफेने चष्मा धूसर होत होता. दिंडी गेल्यावर पुढचे चार दिवस त्या घाबरलेल्या होत्या आणि ऑक्सिमीटर त्यांनी दोनदा लावला. खोकला झाला नाही.

जुलैमध्ये जीएडी-७ चे गुण ६ होते. डिसेंबर २०२३ मध्ये जेएन.१ या नव्या उपप्रकाराच्या बातम्या आल्या तेव्हा मोजणी पुन्हा सुरू झाली आणि आठवडाभर रात्रीची झोपही गेली. असे होईल हे आधीच बोलून ठेवले होते आणि काय करायचे ते टाचणवहीच्या मागच्या पानावर लिहिलेले होते. बातम्या दिवसातून एकदाच, तेही वर्तमानपत्रात, भजन चुकवायचे नाही, ताप नसेल तर यंत्र नाही. मुलीने एका संध्याकाळी सवयीने आकडा विचारला, तेव्हा बाईंनी तिला हवामान विचारले. जानेवारीपर्यंत नोंदी थांबल्या.

ऑक्सिमीटर अजून त्यांच्या कपाटात आहे. तो टाकून देण्याचा आग्रह मी धरलेला नाही. जाळीचे दार दुपारच्या झोपेपुरते लावले जाते. दवाखान्याच्या रांगेत बाई मास्क लावतात. मंगल कार्यालयातल्या लग्नांना त्या अद्याप जात नाहीत, आणि उरलेली भीती म्हणून मी त्याची नोंद घेत होतो तेव्हा त्यांनी मला थांबवून कारण सांगितले. ते डीजेच्या आवाजाचे होते.